पुढचं पुस्तक कोणतं? शिफारस मागावी कशी, द्यावी कशी (पुणे आणि आसपास)

पानखूण (धागाकर्ती) | रविवार, सकाळी ९:४०

"एखादं चांगलं मराठी पुस्तक सुचवा" असं विचारलं की तासाभरात वीस उत्तरं येतात आणि त्यातली पंधरा तीच ती असतात. यात सुचवणाऱ्यांचा दोष नाही. प्रश्नात धरायला काहीच नसेल तर माणूस सगळ्यांना चालेल असं नाव सांगतो, आणि सगळ्यांना चालणारं पुस्तक विचारणाऱ्याने बहुधा कधीच वाचून ठेवलेलं असतं.

म्हणून या धाग्यावर विचारताना चार गोष्टी लिहा. अलीकडे हातातून सुटली नाहीत अशी दोन पुस्तकं. अर्धवट टाकलेलं एक, आणि ते साधारण कितव्या पानावर टाकलं. किती पानांची तयारी आहे. आणि बोलीतलं गद्य चालतं की अडखळायला होतं.

प्रत्येक नावापुढे "का" लिहा, हे सगळ्यांत महत्त्वाचं. समजा कुणी लिहिलं की 'बनगरवाडी' आवडली. व्यंकटेश माडगूळकरांची ही छोटी कादंबरी (१९५५) आवडायला किमान तीन कारणं असू शकतात. माणदेश, धनगरांची वस्ती, दुष्काळ यांत जीव रमला असेल तर पुढचं पुस्तक गावाकडचंच द्यावं. कोवळा मास्तर परक्या वस्तीत येतो आणि त्याच्या नजरेने आपण सगळं बघतो, हे आवडलं असेल तर गाव दुय्यम झालं. मग बाहेरून आलेल्या माणसाचं निवेदन शोधायचं. आणि ती आखूड, मोजकी वाक्यं आवडली असतील तर त्यांचंच 'माणदेशी माणसं' (१९४९) द्यावं. 'गोतावळा' अशा वाचकाला लगेच देऊ नये. आनंद यादवांची ही कादंबरी (१९७१) फार मोठ्या ताकदीची आहे, पण ती अथपासून इतिपर्यंत नारबा या शेतगड्याच्या बोलीत आहे. कान बसेपर्यंत पहिली दहापंधरा पानं जड जातात. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१) मराठवाड्याच्या बोलीत, एका बाईच्या तोंडून येते. उद्धव शेळके यांच्या 'धग'मधले (१९६०) संवाद वऱ्हाडी आहेत. ही तिन्ही नावं "ग्रामीण कादंबरी" म्हणून एका दमात सुचवली जातात, वाचक पहिलीच्या तिसऱ्या पानावर अडकतो आणि उरलेल्या दोन उघडतही नाही. शिफारस करणाऱ्याने एवढंच लिहायला हवं होतं की "पंधरा पानं मोठ्याने वाचा, मग सुटतं."

अबचौकर | रविवार, सकाळी १०:२५

अनुमोदन. फक्त अर्धवट टाकलेलं पुस्तक पहिल्या नंबरावर आणा.

आवडलेल्या पुस्तकांवरून माणूस फारसा कळत नाही. दहा जणांना विचारलं तर आठ जण 'श्यामची आई' आवडली म्हणतील, आणि त्यावरून त्या आठांत फरक काय ते कळणार नाही. फरक दिसतो तो नावडीत. जी. ए. कुलकर्णींच्या 'काजळमाया'बद्दल कुणी लिहिलं की "अंधारच अंधार, शेवटी सुटका नाही", तर ही तक्रार काही वाचकांसाठी उत्तम जाहिरात ठरते. त्यांना नेमकं तेच हवं असतं. म्हणून कुणाचं नाकारणंसुद्धा नीट वाचावं. नुसतं "बोअर झालं" असेल तर सोडून द्या, "निसर्गवर्णनं फार" असं असेल तर जपून ठेवा.

यावरून आपला जोडीवाचक शोधता येतो. दोघांनी वाचलेली दहा पुस्तकं काढायची, प्रत्येकापुढे आवडलं, नावडलं, आठवत नाही यांतलं एक लिहायचं, एकमेकांना न दाखवता. "आठवत नाही" वाली खोडून टाका. उरलेल्यांत निदान दोन नावडी जुळल्या तर त्या माणसाचा शब्द पुढे डोळे झाकून धरायला हरकत नाही. नुसत्या आवडी जुळल्या तर घाई नको, त्या सगळ्यांच्याच जुळतात. दहा पुस्तकं सामाईक निघत नसतील तर सहा घ्या, पण सगळी एकाच लेखकाची नकोत. एका लेखकावरून फक्त त्या लेखकाबद्दलचं मत कळतं.

आणि जोडीवाचक सापडला की त्याला सर्वांत आवडतं पुस्तक विचारू नका. ते बहुधा तुम्हीही वाचलेलं असणार. "तुला आवडलं पण ज्याच्याशी बोलावं असा कुणी भेटला नाही, असं कोणतं?" असं विचारा.

शेवटची_बस | रविवार, दुपारी १२:१०

मग विचारतेच. आवडलेली : 'मुंबई दिनांक'. शहर आवडलं, आणि पत्रकार, मंत्री, कामगारपुढारी असे सगळे एकमेकांत गुंतत जातात ते आवडलं. दुसरं 'आहे मनोहर तरी', स्पष्टपणासाठी. टाकलेलं : 'कोसला', साधारण चाळिसाव्या पानावर, पुढे काय होणार याची ओढच लागेना. हिंजवडीच्या बसमधे वाचते, म्हणून तीनशे पानांच्या आत. बोली चालेल, पण संवादापुरती.

मुठाकाठ | रविवार, दुपारी १:३०

असा प्रश्न आला की उत्तर द्यायला मजा येते.

अरुण साधूंचीच 'सिंहासन' (१९७७) समोर दिसते. पण एक लक्षात घ्या, १९७९ चा 'सिंहासन' हा चित्रपट या दोन्ही कादंबऱ्यांवर मिळून बेतलेला आहे. चित्रपट पाहिला असेल तर कथानकातली ओढ कमी होईल, आणि तुम्ही तर ओढीसाठीच वाचता. पाहिला नसेल तर आधी कादंबरी.

विश्वास पाटलांची 'झाडाझडती' (१९९१) विषयाने तुमच्या जवळची आहे. धरणग्रस्तांचं पुनर्वसन, कचेऱ्या, पुढारी, दलाल, माणसांचा मोठा मेळा. पण जाड आहे, बसमधे हात दुखेल. सुट्टीसाठी ठेवा.

शहरासाठी जयवंत दळवींची 'चक्र' (१९६३) आणि मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' (१९६९). दोन्ही मुंबईच्या झोपडपट्टीतल्या. सत्तेचे डावपेच यांत नाहीत, पण एकाच्या जगण्यात दुसऱ्याचं जगणं अडकत जातं हे जे तुम्ही लिहिलंत ते आहे.

किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) कुणीतरी "शहरी, आधुनिक" म्हणून सुचवेल. सध्या नको. तिचं निवेदन तुकड्यातुकड्यांत मागे-पुढे उड्या मारतं. 'कोसला' ज्या कारणाने थांबली त्याच कारणाने ही थांबेल. 'कोसला'त पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला येतो आणि बोलत सुटतो. बांधीव कथानक शोधायला गेलं की हात रिकामे राहतात. तिच्या लयीसाठी वाचायची तर एका बैठकीत सत्तर-ऐंशी पानं लागतात, बसमधल्या वीसवीस मिनिटांच्या तुकड्यांत ती लय धरतच नाही.

कपाटक्रमांक | रविवार, दुपारी ३:०५

ग्रंथालयाचा विषय निघाला नाही, म्हणून लिहितो. पुण्यात शिफारस ऐकून लगेच विकत घेण्याची गरज फार कमी वेळा पडते. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं. अनामत आणि वर्गणी भरायची, एका वेळी किती पुस्तकं न्यायची त्यावर वर्गणी ठरते. मराठीसाठी दोन पुस्तकांची वर्गणी घ्यावी असं माझं मत : एक शिफारशीचं, एक आपल्या मनाने उचललेलं. शिफारशीचं जमलं नाही तर दुसरं हाताशी असतं आणि पंधरवडा वाया जात नाही.

तिथे शिफारस देणारी जागा म्हणजे परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा. कपाटात न गेलेली, आज-काल कुणीतरी वाचून आणलेली पुस्तकं. नव्या पुस्तकांच्या फळीपेक्षा तो गठ्ठा आधी चाळा. जुन्या प्रतींत मागच्या बाजूला तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते, तीही वाचता येते. तारखा जवळजवळ असतील तर पुस्तक फिरतंय. दहा वर्षं काहीच नाही आणि मग एकदम चार-पाच शिक्के, तर कुठेतरी त्याचा उल्लेख झाला आहे, चित्रपट आला आहे किंवा ते अभ्यासक्रमाला लागलं आहे. शेवटची शक्यता असेल तर पेन्सिलीच्या खुणांवरून लगेच कळतं. जिथे देवघेव संगणकावर आहे तिथे ही चिठ्ठी कोरीच असते, त्यावरून काही ठरवू नका.

काउंटरवरच्या माणसाला "काय चांगलं आहे?" विचारू नका, गर्दीच्या वेळी तर नाहीच. "कोणतं पुस्तक लोक मुदतीच्या आत परत आणतात?" असं विचारा. लवकर परत येतं ते एकतर झपाट्याने वाचलं गेलं किंवा टाकलं गेलं, आणि कोणतं कसं ते त्यांना बरोबर माहीत असतं.

यादीत शोधताना अडतं ते नावापाशी. जी. ए. सापडतील ते कुलकर्णी या आडनावाखाली. आरती प्रभूंच्या कविता एकीकडे आणि त्यांच्याच कादंबऱ्या चिं. त्र्यं. खानोलकर या नावाखाली दुसरीकडे. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर यांचंही तसंच, कविता एका नावाने, नाटकं दुसऱ्या. शिफारस लिहिताना मुखपृष्ठावर छापलेलं नाव जसंच्या तसं लिहा. आणि पुस्तक बाहेर गेलेलं असेल तर मागणीच्या वहीत नोंद केल्याशिवाय निघू नका. "परत येऊन बघतो" म्हणणाऱ्याला ते मिळत नाही, नोंदवणाऱ्याला मिळतं.

सिंहगडरोड_वाचक | रविवार, सायंकाळी ५:५०

आवृत्तीबद्दल कुणीतरी लिहा. सुचवलेलं एक आणि हातात आलेलं दुसरंच, असं फार होतं.

अबचौकर | रविवार, सायंकाळी ६:२०

हो, आणि हे सर्वांत जास्त होतं ते जुन्या, लाडक्या पुस्तकांत. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, तो कालावधी संपला की कुणीही छापू शकतं. साने गुरुजी गेले १९५० मधे, म्हणून २०११ पासून त्यांची पुस्तकं कितीतरी प्रकाशक काढतात. स्वस्त मिळतात हे छानच, पण काही संक्षिप्त असतात, काहींत मुद्रितशोधन झालेलंच नसतं. 'स्मृतिचित्रे'चीही संक्षिप्त आवृत्ती आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं पुस्तक कुणी सुचवलं तर पूर्ण आवृत्तीच मागा, कारण त्यातली गंमत बारक्या तपशिलांत आहे आणि संक्षेपात पहिली कात्री तिथेच लागते.

दुकानात उभ्या उभ्या तपासायचं ते असं. शीर्षकपानाच्या मागचं पान उघडा. "संक्षिप्त", "कुमार आवृत्ती", "संपादित" यांतला शब्द आहे का पाहा. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण वेगळं लिहिलंय का पाहा. पुनर्मुद्रणात सहसा काही बदलत नाही, नव्या आवृत्तीत प्रस्तावना, परिशिष्टं, कधीकधी मजकूरही बदलतो. मग मधलं कुठलंही पान काढून दहा ओळी वाचा. दहा ओळींत छपाईच्या दोन चुका सापडल्या तर ठेवून द्या, दुसरा प्रकाशक शोधा.

मराठीत पहिली आवृत्ती बऱ्याचदा हजारेक प्रतींची किंवा त्याहून कमी असते. ती संपली आणि दुसरी निघाली नाही की पुस्तक दिसेनासं होतं. म्हणून शिफारशीत प्रकाशकाचं नाव आणि सध्या मिळतं की नाही एवढं लिहाच. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत नुसतं शीर्षक सांगितलं तर "नाही" ऐकू येतं, प्रकाशक सांगितला तर "दोन दिवसांनी या" असं उत्तर येण्याची शक्यता वाढते.

पानखूण | रविवार, रात्री ९:१५

शिफारस द्यायची कशी याचा एक नमुना देते. कथानक फोडू नका, पण वाचकाला अंधारातही ठेवू नका.

"'रणांगण', विश्राम बेडेकर, १९३९. कादंबरी, दीडशे पानांच्या आत. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, दुसऱ्या महायुद्धाची चाहूल, बोटीवर परागंदा ज्यू. चक्रधर आणि हॅर्टा यांचं प्रेम. भाषा प्रमाण, वाक्यं तीव्र. प्रेमकथेत युद्ध आणि वंशद्वेष सोसणार असेल त्यांनी वाचावं. विनोद, मोठा पट, भरपूर पात्रं हवी असतील त्यांनी सध्या नको. एका बैठकीत संपेल, रात्री उशिरा सुरू करू नका."

यात "कुणी वाचू नये" ही ओळ सर्वांत मोलाची. ती लिहायला लोक कचरतात, पुस्तकाचा अपमान होईल असं वाटतं. प्रत्यक्षात चुकीच्या वाचकाच्या हाती पडून टाकलं जाण्यापेक्षा थोडं थांबणं पुस्तकाच्या भल्याचंच असतं.

तळटीप | सोमवार, सकाळी ८:०५

पुरस्कारांच्या याद्यांवरून पुस्तकं निवडणाऱ्यांसाठी : याद्या लेखकापर्यंत नेतात, पुस्तकापर्यंत नेतीलच असं नाही. 'कोसला'कार भालचंद्र नेमाड्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 'टीकास्वयंवर' या समीक्षेच्या पुस्तकाला. यादीवरून सरळ तेच उचलणारा कादंबरीचा वाचक गोंधळून जातो.

अनुवादांत अनुवादकाच्या नावाचा माग काढा. कन्नड कादंबरीकार भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत रुजल्या त्या उमा कुलकर्णींमुळे, आणि त्यांनी त्या थेट कन्नडवरून आणल्या. एक अनुवाद आवडला की त्याच अनुवादकाचं दुसऱ्या लेखकाचं पुस्तक घ्या, फार क्वचित निराशा होते. विकत घेण्याआधी संवादांनी भरलेलं एक पान मनातल्या मनात बोलून बघा. वर्णन कसंबसं निभावून नेता येतं, संवाद नाही.

कर्वेनगरची_आई | सोमवार, सकाळी ११:३०

मुलांसाठी? मुलगी अकरा वर्षांची, 'फास्टर फेणे'चे सगळे भाग झाले.

तळटीप | सोमवार, दुपारी १२:००

ताई, आम्हा मोठ्यांना विचारू नका, आम्ही आमचं बालपण सुचवतो. तिच्याहून दोन वर्षांनी मोठ्या, वाचणाऱ्या दोन मुलांना विचारा. फुरसुंगीच्या बन्यामधलं तिला काय आवडलं, साहस की ओळखीचं पुणं, हे आधी तिच्याकडून काढून घ्या. आणि एका वेळी तीन पुस्तकं समोर ठेवा, निवडू तिलाच द्या.

मुठाकाठ | सोमवार, रात्री ८:४०

पुस्तक भिशीबद्दल लिहितो, कारण ओळखीच्यांत शिफारस चालती ठेवायचा याहून भक्कम मार्ग मला दिसत नाही.

आठ जण पुरेत. प्रत्येकाने स्वतःच्या मालकीचं एक पुस्तक आणायचं, उसनं किंवा ग्रंथालयाचं नाही. क्रम एकदाच ठरवायचा आणि दर महिन्याच्या ठरलेल्या रविवारी आपलं पुस्तक पुढच्याकडे द्यायचं. आठव्या महिन्याअखेर आपलं पुस्तक सात मतं घेऊन घरी येतं. मतं कुठे? शेवटच्या पानात पाकीट चिकटवा, प्रत्येकाने दोन ओळी चिठ्ठीवर लिहून घडी करून आत टाकायच्या. आधीच्यांच्या चिठ्ठ्या वाचून झाल्याशिवाय उघडायच्या नाहीत. हा नियम मोडला की पहिल्याचं मत सगळ्यांचं होतं आणि भिशीचा उपयोगच संपतो.

बिघडतं ते तीन ठिकाणी. एक, कुणीतरी सहाशे पानांचं आणतं आणि साखळी तिथेच तुंबते. तीनशेची मर्यादा आधीच सांगा. दोन, एकाचं वाचून होत नाही आणि तो पुस्तक धरून ठेवतो. न वाचताही पुढे द्यायचंच, चिठ्ठीत "अमुक पानापर्यंत" लिहायचं. तीही माहिती आहेच. शिवाय दोन जादा पुस्तकं मधे ठेवा, म्हणजे कुणी आजारी पडलं किंवा गावाला गेलं तर पुढच्याचे हात रिकामे राहत नाहीत. तीन, पावसाळा. जून ते सप्टेंबर पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतूनच द्या, पण घरी नेल्यावर बाहेर काढा. बंद पिशवीत दमट हवा कोंडली की पुठ्ठ्याला आठवड्यात बुरशी धरते.

चिठ्ठ्या उघडायचा दिवस एकत्र करा. एकाच पुस्तकावर सात चिठ्ठ्या ओळीने मांडल्या की अबचौकरांनी सांगितलेले जोडीवाचक आपोआप दिसतात.

सिंहगडरोड_वाचक | सोमवार, रात्री ९:२०

एक भर. नव्या लेखकांची चव बघायला दिवाळी अंक. 'मनोरंजन'ने १९०९ साली ही प्रथा सुरू केली, आणि आजही नव्या कथाकाराचं पुस्तक येण्याआधी त्याच्या कथा तिथेच येतात. बऱ्याच ग्रंथालयांत अंकांसाठी वेगळी वर्गणी असते, थोडक्या पैशांत खूप अंक वाचून होतात. आवडलेल्या कथेचं नाव, लेखक आणि अंक वहीत लिहून ठेवा. दोन वर्षांनी संग्रह आला की ओळखता येतो.

ऑनलाइन शोधताना देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत शोधा. गुडरीड्सवर एकाच मराठी पुस्तकाच्या वेगवेगळ्या स्पेलिंगच्या नोंदी असतात आणि तारे त्यांत विखुरले जातात. मोजक्या मतांच्या सरासरीवर जाऊ नका, दोन आणि तीन तारेवाल्यांनी काय लिहिलंय ते वाचा. बुकगंगावर बऱ्याच पुस्तकांची काही पानं चाळता येतात, पण ती सुरुवातीची असतात. प्रस्तावना ओलांडून मूळ मजकुरापर्यंत पोचता आलं तरच त्यावरून ठरवा.

शेवटची_बस | सोमवार, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. मुठाकाठ, चित्रपट पाहिलेला आहे, म्हणजे 'सिंहासन' मागे पडलं. 'चक्र' की 'माहीमची खाडी'?

मुठाकाठ | सोमवार, रात्री १०:३०

'चक्र' आधी. 'माहीमची खाडी'त माणसं जास्त आहेत, चढत्या-उतरत्या बसमधे नावांचा धागा सुटेल. यादीत दळवी आडनावाखाली बघा. बाहेर गेलेली असेल तर मागणी नोंदवा आणि तोवर दुसऱ्या पुस्तकाच्या जागी 'माणदेशी माणसं' न्या. त्यात एकेक माणूस स्वतंत्र आहे, एका फेरीत एक पुरतो. कुठल्या पानावर थांबलात किंवा नाही थांबलात ते इथे लिहा.